उडतं का?

डोंबिवलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात परवा माझी जी शोभा झाली, तिचा राग अजून उतरलेला नाही. प्लास्टिक मॉडेलचा गम हवा होता. ऑनलाइन मागवावा, तर तो ज्वलनशील म्हणून विमानाने पाठवत नाहीत. विमानाचा गम, आणि त्यालाच विमानात बंदी!

"कशाला चिकटवायचंय?" दुकानदार.

"विमानाला."

शेजारी गळका नळ हातात घेऊन उभे असलेले काका सावकाश माझ्याकडे वळले. "मुलाचं का?"

"नाही, माझं."

काकांनी माझ्या केसांकडे, म्हणजे पूर्वी ते असायचे तिकडे, पाहिलं. "उडतं का?"

"नाही. शोभेचं. ७२ पट लहान. सहा फुटी माणूस यात एक इंचाचा होतो."

"कितीला?"

"दीड हजार."

"आणि वर जोडायचंही तुम्हीच?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण माझा तोल गेला. सांगितलं, की निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली इंग्लंडमध्ये एअरफिक्स ही मॉडेलवाली कंपनी काढली. आधी हवा भरायची खेळणी, मग कंगवे. १९४९ मध्ये एका ट्रॅक्टर कंपनीला विक्रेत्यांसाठी चिमुकले ट्रॅक्टर हवे होते, तिथून हे वेड लागलं. १९५२ साली 'गोल्डन हाइंड' जहाजाचं मॉडेल वुलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगांत मिळावं म्हणून खोक्याऐवजी साध्या पिशवीत घालून विकलं. दोन शिलिंग! आता नुसत्या खोक्यावरच्या चित्राचे पैसे घेतात की काय, कोण जाणे.

"विमान कुठलं?" काकांनी माझा इतिहास झटकला.

"नॅट."

"अरे वा! पासष्टच्या लढाईत पाकिस्तानची सेबर विमानं पाडली ते. बघू?"

मोबाइलवर फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "याला दोन सीटा आहेत. लढाईतलं एका सीटचं होतं. हे शिकवणीचं विमान घेतलंत तुम्ही."

खरं होतं. खोक्यावर इंग्रजांचं ट्रेनर होतं आणि मी आठवडाभर बायकोला युद्धकथा ऐकवत होतो.

या धक्क्यात काकांनी सुचवलेली झटपट गमाची ट्यूब मुकाट्याने घेतली. "काहीही चिकटतं याने," ते म्हणाले. खरा मॉडेलचा गम प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. या झटपट गमाची वाफ पारदर्शक भागावर पांढरी साय धरते. मला हे माहीत होतं. तरी लावला. रात्रभरात कॉकपिटवर महाबळेश्वरचा जुलै उतरला. आत इंचभरही उंच नसलेले दोन पायलट बसलेत, त्यांना रंगवायला माझे तीन रविवार गेले होते. दिसत कुणीच नाही.

काल भाजी मार्केटात काका भेटले. "चिकटलं का?"

"चिकटलं."

"मग! सांगितलं होतं ना?"

त्यांचा नळ अजून गळतोय म्हणे. तेवढंच.