स्वतःच्या गाडीचे हेडलाइट समोरून पाहिलेत कधी?

इंजिन खडखडलं तर आपल्याला ऐकू येतं. एसीतून कुबट वास आला की लगेच गॅरेजला फोन जातो. हेडलाइटचं मात्र तसं नाही. आपल्या गाडीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत कसा जातो हे रस्त्यावरच्या सगळ्यांना कळतं, फक्त स्टीअरिंगवर बसलेल्याला कळत नाही. पुण्यात रात्री जो त्रास होतो त्यातला बराचसा माजामुळे नाही, या अडाणीपणामुळे होतो, असं माझं मत होत चाललंय.

माजवाले आहेतच. कर्वे रोडवर खांबाखांबाला दिवे आणि दुकानादुकानाला झगमगते बोर्ड असताना अप्पर लावून फिरणाऱ्याला नेमकं काय शोधायचं असतं, देव जाणे. समोरून आपण डिपर मारावा तर त्याला तो अपमान वाटतो आणि तो उलट दोनदा अप्पर मारतो. यांच्यासाठी लिहून उपयोग नाही, ही पोस्टसुद्धा ते अप्पर लावूनच वाचतील.

मला बोलायचंय ते सज्जनांबद्दल. पीयूसी वेळेवर, बेल्ट लावलेला, सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगच्या मागे थांबणार, आणि तरीही ज्यांचा लो बीमसुद्धा, म्हणजे अप्पर नसतानाचा खाली वळवलेला झोतसुद्धा, समोरच्याच्या कपाळावर पडतो असे लोक.

मध्यंतरी एका ओळखीच्यांबरोबर नाना पेठेत ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो होतो. त्यांना हेडलाइटमध्ये एलईडी टाकायचे होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, हे टाकाच. दिवसासारखा उजेड पडतो." मी विचारलं, "आणि समोरच्याचं काय?" तो शांतपणे म्हणाला, "समोरच्यानं पण हेच टाकलंय की."

काउंटरवर त्यांचा जुना हॅलोजन बल्ब पडला होता. एच-फोर, ६०/५५ वॉटचा, साधाच. पण नीट निरखून बघा. आत दोन फिलामेंट असतात आणि त्यातल्या लो बीमच्या फिलामेंटखाली नखाएवढी धातूची वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडणारा उजेड परावर्तित होऊन वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, तो ही वाटी अडवते. तिची एक कड किंचित तिरकी असते, त्यामुळे आपल्याकडे डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, उजेड जरा लांब जातो आणि उजवीकडून येणारा वाचतो. सगळा हिशेब त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला आहे. तिथे दुसऱ्याच आकाराच्या एलईडी चिप्स बसवल्या की तो बिघडतो आणि उजेड वाट्टेल तिकडे उडतो. कंपनीतूनच एलईडी किंवा प्रोजेक्टर आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे दिवे त्याच हिशेबाने घडवलेले असतात. अर्थात बंपर ठोकून दुरुस्त केल्यावर तेही वर बघायला लागतात, आणि ते कुणी तपासत नाही.

"पण मला छान दिसतं" हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकलाय. दिसतं ते गाडीपुढचं अंगण. तिथे लख्ख उजेड पडला की आपल्याच डोळ्यांची बाहुली लहान होते आणि लांबचं, जे बघायला हवं, ते उलट कमी दिसतं. पावसात ओल्या डांबरावर तर विचारूच नका.

आता ताम्हिणी घाटात रात्री काय होतं बघा. ना दिवे, ना दुभाजक. समोरून झोत आला की दोन-तीन सेकंद काळोखच. ताशी ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. म्हणजे पन्नासेक मीटर आपण आठवणीच्या भरवशावर चालवतो, आणि ताम्हिणीत तेवढ्यात वळण येतं. साठीच्या पुढच्या लोकांचे डोळे दिपल्यावर सावरायला आणखी वेळ घेतात. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोर नुसतं पांढरं पसरतं. आमच्या घरातल्या ज्येष्ठांनी रात्री गाडी चालवणं सोडलंय ते एवढ्याच कारणाने.

त्यात गणपतीला कोकणात निघालेली गाडी आठवा. मागे तिघे, डिकीत पिशव्या, फराळाचे डबे, गौरीचं सामान. मागचा भाग दबतो, नाक वर होतं, आणि नाकाबरोबर हेडलाइटही. यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असं लिहिलेलं एक चाक दिलेलं असतं. एकटे असाल तर शून्य, गाडी भरली की आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना ते चाक कशाचं हेच माहीत नव्हतं. एकाला तो एसीचा भाग वाटत होता. दुचाकीला तर असं चाकही नसतं. मागे कुणी बसलं की दिवा वर, आणि २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा दिवा बंदही करता येत नाही.

काचेचंही तेच. म्हणजे काच कसली, पॉलिकार्बोनेटच ते. वर्षानुवर्षं गाडी उन्हात उभी राहिली की वरचा थर जातो आणि ते पिवळं, धुरकट होतं. उजेड कमी पडतो म्हणून मालक आधी कायमचा अप्पर लावतो, मग नाना पेठ गाठतो, आणि धुरकट काचेमागचा एलईडी आणखीच फाकतो. मूळ दुखणं काचेचं होतं. टूथपेस्टने घासलं तर चार दिवस बरं दिसतं. ओल्या बारीक पॉलिश पेपरने घासून वर यूव्ही थर देणारे असतात, त्यांच्याकडे जावं.

नियम नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वच्छ लिहिलंय की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. पूर्वी गाड्यांच्या हेडलाइटवर काळी टिकली किंवा पट्टा रंगवलेला असायचा, तो याच चिंतेतून. पण आता तपासतं कोण? पीयूसीवाला धूर बघतो. खासगी गाडीची फिटनेस तपासणी थेट १५ वर्षांनी, नोंदणी नव्याने करताना. तोवर दिवा कुठे बघतोय हे मालकाच्या मर्जीवर.

माझ्या मते ते पीयूसीच्या वेळीच बघावं. गाडी तिथे उभी असतेच, समोर एक पांढरा फळा लावला की झालं. ते होईल तेव्हा होईल, तोवर सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत आहे. सपाट जागी साडेसात मीटरवर गाडी उभी करा, लो बीम लावा, हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सात-आठ सेंटिमीटर खाली हवी. वर असेल तर हेडलाइटच्या मागे ॲडजस्टिंगचा स्क्रू असतो, गॅरेजवाला दहा मिनिटांत करून देतो. आणि हो, खडूची रेघ नंतर पुसा, नाहीतर सेक्रेटरी नोटीस लावतील.