खुलासा: उपग्रहाच्या आधारे उतरणारी विमाने आणि आंब्याचा मोहर

सिंधुदुर्गातील काही व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या संदेशात म्हटले आहे की, उपग्रह दिशादर्शनामुळे विमाने वाड्यांवरून अधिक खालून येतील आणि त्या लहरींनी आंब्याचा मोहर करपेल. दोन्ही विधाने चुकीची आहेत. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या, विमानांना उपग्रहावरून वाट दाखवणाऱ्या ‘गगन’ यंत्रणेचे भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून त्यांचे अत्यंत क्षीण संकेत विमान केवळ ग्रहण करते. मोहराला खरा धोका तुडतुड्यांचा आणि ढगाळ हवेचा, आणि तो जुनाच आहे. उंचीचे म्हणाल, तर टप्प्याटप्प्याने खाली येताना प्रत्येक टप्प्यावर विमान सपाट ठेवण्यासाठी इंजिनांचा जोर वाढवावा लागतो. उपग्रहाच्या मदतीने आखलेल्या मार्गाने सलग उतरताना मात्र बराच वेळ इंजिने मंद चालतात, विमान अधिक काळ उंच राहते, आणि इंधन, धूर व आवाज कमी होतो. नेहमीच्या ३ अंशांच्या उतारावर धावपट्टीपासून ९ किलोमीटरवर विमान सुमारे ४७० मीटर उंच असते, मग मार्गदर्शन उपग्रहाचे असो वा जमिनीवरील यंत्राचे. उपग्रह दिशादर्शनाने ‘प्रदूषण शून्य’ होते, हा उलट बाजूचा दावाही खरा नाही. शिवाय मार्ग अचूक झाला की आवाज त्याच त्या घरांवर एकवटू शकतो. हा आक्षेप रास्त आहे.