"सर, यात फाडायचं काय?"

यंदाही प्राणी-वर्तनाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मागच्या बाकावरून प्रश्न आलाच. "सर, यात फाडायचं काय?"

काहीच नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०११मध्ये डिसेक्शन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४मध्ये बंदच करायला लावलं. आमची पिढी बेडूक-झुरळं फाडून पदवीधर झाली. फॉर्मलिनने डोळे चुरचुरायचे, ब्लेडने बोट कापायचं, आणि घरी गेल्यावर आई आधी न्हाणीघरात पिटाळायची. ते गेलं याचं मला काडीचंही दुःख नाही. पण त्याबरोबर स्टाफरूममध्ये एक समजूत येऊन बसली की वर्तनाचं प्रॅक्टिकल म्हणजे निवांत काम. ॲसिड नाही, ब्लेड नाही. बघायचं आणि जर्नलमध्ये उतरवायचं. त्यात सेफ्टी कसली?

मीही हेच म्हणायचो. काही वर्षांपूर्वी एका गांधीलमाशीने माझी समजूत उतरवली.

अभ्यासक्रमात पक्ष्यांची आणि समूहाने राहणाऱ्या कीटकांची घरटी पाहायची असतात. तेव्हा मी ज्या कॉलेजात होतो, तिथे मागच्या लोखंडी जिन्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. करड्या कागदाचं, तळहाताएवढं. शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी याच माशीवर कित्येक दशकं काम केलं. एकेका माशीला रंगाचा ठिपका द्यायचा आणि कोण पिल्लांना भरवते, कोण नुसती बसून असते, कोण कोणावर दादागिरी करते ते नोंदवत राहायचं. महागड्या यंत्रांशिवाय अव्वल दर्जाचं विज्ञान कसं होतं, हे सांगायला मला दुसरं उदाहरण लागतच नाही. त्या दिवशीही मी ते रंगवून सांगितलं आणि बॅच घेऊन जिन्याखाली गेलो.

किती लांब उभं राहायचं, ते सांगितलं नाही. कोणाला ॲलर्जी आहे का, ते विचारलं नाही. एका मुलीने फोटोसाठी मोबाईल पोळ्याच्या वीतभर जवळ नेला आणि नेमकं तेव्हाच वरून कोणीतरी धाडधाड जिना उतरलं. लोखंड हादरलं, पोळं हादरलं. मुलीला दोन डंख बसले, एक मनगटावर, एक मानेवर. "काही नाही सर, जळजळतंय थोडं," म्हणाली. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. रिक्षात मी तिला "घाबरू नकोस" म्हणत होतो आणि माझेच पाय लटपटत होते. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. वाचली.

तिची आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "सर, हिला लहानपणी मुंगी चावली तरी हात कोपरापर्यंत सुजायचा. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

तेव्हापासून पहिल्या दिवशी आधी एक साधा कागद भरून घेतो. कशाची ॲलर्जी आहे, दमा आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, घरचा फोन नंबर. वर्गात हात वर करायला सांगितलं तर कोणी करत नाही, म्हणून कागद. आता गांधीलमाश्यांचं निरीक्षण तीन मीटरवरून, दुर्बिणीने, आणि तेवढा वेळ जिना बंद. पाण्याच्या टाकीखाली लागलेल्या आग्यामोहोळाकडे तर बॅच नेतच नाही, कितीही दुर्बिणी असल्या तरी. (गंमत म्हणजे मधमाश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यातलं एक मुख्य रसायन तेच, जे शेजारच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पोरं केळ्याच्या वासाचं एस्टर म्हणून बनवतात. ते हातावर सांडून मोहोळाखालून जाऊ नका, एवढंच सांगतो.)

माशीचा डंख निदान लगेच कळतो. मला जास्त धास्ती कुत्र्यांची. कॅम्पसमधल्या कुत्र्यांचं वर्तन हा प्रोजेक्टचा लाडका विषय, आणि विषय उत्तमच आहे. गदगकरांच्याच विद्यार्थिनी अनिंदिता भद्रा यांनी पुढे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांवर मोठं काम उभं केलं. आमची पोरं मात्र बिस्किटाचा पुडा घेऊन निघतात. खाऊ घालत घालत नोंदी केल्या तर त्या बिस्किटाच्या नोंदी होतात, कुत्र्याच्या नाही. आणि पिल्लांना उचललं की आई येतेच.

ओरखडा उठला तर मुलं सांगत नाहीत. प्रोजेक्ट रद्द होईल, सर ओरडतील, घरी कळेल. रेबीज एकदा लक्षणांवर आला की जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून मी आधीच जाहीर करतो की ओरखडा लपवला तर ओरडेन, सांगितला तर स्वतः सोबत येईन. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि तडक दवाखाना. त्वचेत द्यायची लस असेल तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, एकही चुकवायची नाही. चौथी सुई सेमिस्टर संपल्यावर येते आणि तीच विसरली जाते.

लॅबच्या आतलं थोडक्यात. फळमाश्या बेशुद्ध करायला इथरची बाटली काढायची जुनी सवय सोडा. त्याची वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून सरपटत पलीकडच्या दिव्यापर्यंत पोचते आणि पेट घेते. बर्फावर ठेवल्या तरी माश्या गप होतात. आणि "पक्षी कसे शिकतात" या प्रोजेक्टसाठी आजीचा मिठू पिंजऱ्यासकट आणू नका. आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. ही गोष्ट दरवर्षी एका तरी घरात भांडण लावते.

प्राण्यांच्या बाजूनेही हेच. गांडुळाला उजेड टाळताना पाहायचं, तर बॅटरीचा झोत लावून त्याला भाजायचं नाही, खालचा कागद ओला ठेवायचा आणि तास संपला की बागेत सोडायचं. सुकलेलं गांडूळ वळवळतं ते उजेडामुळे नाही. जर्नलमध्ये मात्र उजेडामुळे असंच लिहिलं जातं, आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, त्यावर सहीही करतात. आरशासमोर ठेवलेला फायटर मासा दोन-तीन मिनिटं कल्ले फुगवतो तेवढं पुरे. तासभर ठेवला तर तुम्ही त्याचा थकवा मोजताय.

लॅबच्या मामांनाही यात धरायला हवं. एकदा आठवडाभर जपलेला मुंग्यांचा ट्रे सकाळी स्वच्छ. मामा अभिमानाने म्हणाले, "मुंग्या झाल्या होत्या सर, फवारा मारला." वर चिठ्ठी नव्हती, त्यांची काय चूक? आणि त्या फवाऱ्यात हात घालणारी पोरं पुढच्या तासाला तिथेच बसणार होती.

आपल्याकडे सेफ्टी म्हणजे तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी भिंतीवर लागलेला आग विझवायचा लाल सिलिंडर. वर्तनाच्या लॅबला लागतात त्या गोष्टी फुकटच्या आहेत: अंतर, एक कागद, साबण, जवळचा उघडा दवाखाना कुठला ते माहीत असणं. फुकटच्या असल्यामुळे त्यांचं बिल लागत नाही, आणि बिल नाही म्हणून फाईलही नाही.

गेल्या आठवड्यात या वर्षीचे कागद जमा झाले. दोघांना दमा, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. एकीने लिहिलंय, "झुरळ. ॲलर्जी नाही, भीती." तिला वुडलाइस दिलेत, ते कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळी होणारे.