दुष्काळ, एल्क आणि शिकारीचे परवाने: त्या मेसेजमध्ये काय चुकलंय

दोन महिन्यांत एकच मेसेज मला पाच मराठी ग्रुपांवर दिसला. गेल्या आठवड्यात तो माझ्या मामांनीही पाठवला आणि खाली विचारलं, "तुमच्याकडे खरंच असं चालतं का रे?" मी चौदा वर्षं कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहतो. त्यामुळे हे उत्तर मामांना आहे आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला त्या सगळ्यांनाही.

मेसेज असा: "अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात भीषण दुष्काळ. एल्क नावाची हजारो हरणं तहानेने तडफडून मरताहेत. आणि सरकार शिकारीचे परवाने विकून डॉलर कमावतंय! परवाने बंद करा, टँकरने पाणी द्या, चारा टाका, कळप आपोआप वाचतील. भारताने १९७२ सालीच शिकार बंद करून जगाला दाखवून दिलं." सोबत एक फोटो. आटलेलं तळं, भेगाळलेला चिखल, कडेला मरून पडलेला एल्क.

आधी फोटो बघू. मागच्या टेकडीच्या वर नीट पाहिलंत तर निळी पट्टी दिसते. तो समुद्र आहे. माझ्या घरापासून हजार किलोमीटरच्या आत कुठेही समुद्र नाही. ही जागा कॅलिफोर्नियातली, सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या अंगाला असलेल्या पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनाऱ्यावरची. तिथल्या टोमालेस पॉइंट नावाच्या भूशिरावर १९७८ साली १० टुले एल्क आणून सोडले. टुले ही एल्कची फक्त कॅलिफोर्नियात आढळणारी उपजात. एकोणिसाव्या शतकात ती जवळजवळ संपली होती. दक्षिणेकडे गुरांचे गोठे आणि कुरणं, म्हणून भूशिराच्या तोंडाशी आडवं कुंपण घातलं. बाकी तिन्ही बाजूंना पाणी. अडीच-पावणेतीन हजार एकरांत कळप वाढत गेला. मग २०१२ ते २०१४ च्या दुष्काळात तो ५४० वरून २८६ वर आला. पुन्हा सावरला, आणि २०२० च्या कोरड्या वर्षात ४४५ वरून २९३ झाला. एका वर्षात १५२ जनावरं.

आता मुद्दा असा की टोमालेस पॉइंटला एल्कच्या शिकारीचा परवाना मिळतच नाही. तिथे शिकारीला बंदी आहे. म्हणजे "परवाने बंद करा म्हणजे कळप वाचेल" हे पटवायला मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी अशी जागा निवडली, जिथे परवाना नसतानाही निम्मा कळप गेला.

टोमालेसच्या एल्कसाठी आंदोलन करणारी माणसं दुःखी होती, त्यांचा राग खोटा नव्हता, हे मी मान्य करतो. कुंपणापलीकडे ओली जागा दिसत असताना अलीकडे जनावर मरतंय, हे बघवत नाही. पण मृत एल्कची शवविच्छेदनं झाली तेव्हा मुख्य कारण निघालं कुपोषण. चारा होता तोही निकस, तांबं आणि सेलेनियमसारखी खनिजं कमी असलेला. २०२१ च्या उन्हाळ्यात उद्यानाने पाण्याच्या टाक्या ठेवल्या, खनिजांच्या चाटणविटाही ठेवल्या. त्या वर्षअखेरच्या मोजणीत आकडा निघाला २२१. पाण्याने काही जीव वाचले असतील, आणि टाक्या ठेवल्या हे योग्यच झालं. चाऱ्याची तूट मात्र टाकीने भरत नाही.

मामा, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी सहापैकी चार जनावरं दिवाळीच्या आत बाजारात नेली, ही गोष्ट तुमच्याकडूनच ऐकलीय. विहिरीला तेव्हा थोडं पाणी होतं. आजोबांनी कडब्याची गंजी मोजली होती, पेंढ्या किती आणि तोंडं किती. संक्रांतीनंतर बाजारात गेले असते तर हाडं घेऊन जावं लागलं असतं, असं तुम्हीच म्हणायचात.

एल्कचं गणितही वैरणीचंच आहे, फक्त जरा लपलेलं. मादी मेअखेर-जूनमध्ये विते. उन्हाळाभर पाडसाला पाजते आणि त्याच वेळी स्वतःच्या अंगावर चरबी चढवायची असते, कारण सप्टेंबरात माजाचा काळ येतो आणि पुढे पाच-सहा महिने बर्फ. जुलैतच गवत वाळलं तर पाजणारी मादी शरदात रोडावलेली जाते. मग ती त्या वर्षी गाभण राहत नाही, किंवा राहिली तर साडेआठ महिन्यांनी होणारं पाडस अशक्त निघतं. म्हणजे यंदाच्या दुष्काळाचा मार बहुतेक करून दिसतो तो पुढच्या वर्षीच्या पाडसांत. कोलोरॅडोत "हजारो एल्क तहानेने तडफडून" असं दृश्य नाही. डोंगर उंच आहेत, झरे आहेत, कळप वर सरकतात. नुकसान होतंच, पण ते जे जन्मलंच नाही त्याचं असतं, आणि त्याचा फोटो निघत नाही.

यावरून परवान्यांकडे येऊ, कारण मेसेजमधला सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. "परवाना" हा एकच शब्द वापरून त्याने दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. नराचा परवाना वेगळा, मादीचा वेगळा. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीची पाडसं फारशी कमी होत नाहीत. मादी मारली की ती आणि तिची पुढची सगळी पाडसं गेली. कळप वाढवायचा, थोपवायचा की उतरवायचा, हे ठरतं मादीच्या परवान्यांवर. शिकारीच्या बाजूने बोलणारे काही जण म्हणतात, "तसंही मेलेच असते." मी त्यांच्याशीही सहमत नाही. ऐन वयातली मादी शिकार नसेल तर बहुतेक वर्षी जगतेच. तिला मारणं ही खरीखुरी वजाबाकी आहे, आणि म्हणूनच तो आकडा जपून ठरवावा लागतो.

ठरवतात कसा? हिवाळ्यात कळप खाली उतरले की राज्याच्या वन्यजीव विभागाची माणसं हेलिकॉप्टरमधून मोजतात: दर १०० माद्यांमागे पाडसं किती, नर किती. प्रत्येक कळपाचा स्वतंत्र आराखडा असतो, त्यात किती जनावरं त्या भागाला झेपतील याची मर्यादा लिहिलेली असते. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, परवान्यांची संख्या मेमध्ये पक्की होते, मग सोडत. काही भागांत नंबर लागायला वीस वीस वर्षं थांबणारी माणसं आहेत. राज्यात एकूण पावणेतीन ते तीन लाख एल्क आहेत, अमेरिकेत सर्वाधिक. नैर्ऋत्येकडच्या कळपांत पाडसांचं प्रमाण गेली बरीच वर्षं कमी आहे, आणि तिथे मादीचे परवाने कमी केले गेलेत. पूर्वी, २००१-०२ च्या सुमारास, कळप ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले होते आणि २००२ चा भयंकर दुष्काळ आला. तेव्हा मादीचे परवाने वाढवले. दुष्काळ एक, पण कळप मर्यादेच्या वर आहे की खाली त्यावरून निर्णय उलटा.

माझी एक तक्रार आहे, ती लपवत नाही. परवाने मेमध्ये ठरतात आणि गवत जुलैत वाळतं. सोडत होऊन गेल्यावर दुष्काळ उघडा पडला तर दुरुस्ती बहुतेक पुढच्या साली. अशा वर्षी मादीचे परवाने ऑगस्टातही कमी करायची आणि पैसे परत द्यायची तयारी ठेवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. मेसेजवाल्याने हे मागितलं असतं तर मी सही केली असती.

"डॉलर कमावतंय" यात अर्धं सत्य आहे. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला एल्कचा परवाना सातशे डॉलरच्या वर पडतो, आणि वन्यजीव विभागाचा मोठा खर्च याच पैशांतून चालतो. शिवाय १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला आहे. विभाग परवान्यांवर जगतो, तेव्हा संशय घेणं गैर नाही. पण २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत बर्फ इतका साचला की हरणं आणि एल्क मोठ्या संख्येने मेले, आणि त्याच विभागाने २०२३ साली तिथले परवाने मोठ्या प्रमाणात कापले. पैसा हेच सर्वस्व असतं तर हे झालं नसतं.

शिकार अजिबात नसलेलं दुसरं ठिकाण माझ्या घरापासून तासाभरावर आहे: रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान. या भागातले एल्क बेसुमार शिकारीने संपले होते. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनकडून आणून पुन्हा सोडले. लांडगे नव्हते, बंदूक नव्हती. कळप इतका फोफावला की ॲस्पेन आणि विलोची रोपं वर येईनात, विलोवर जगणारे बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यात बांध घालणारे प्राणी) आटले. शेवटी २००७ साली आराखडा करून उद्यानात हिवाळी संख्या ६०० ते ८०० ठेवायचं ठरलं. २००९ पासून काही वर्षं प्रशिक्षित माणसांकडून थोडे एल्क मारले गेले आणि ओढ्यांकाठी कुंपणं घातली. ती कुंपणं मी दरवर्षी बघतो. आत विलो माझ्या डोक्यावर जातो, बाहेर गुडघ्याएवढा खुरटा. हे उद्यान ओलं असतानाचं. अशी ओरबाडलेली जमीन घेऊन कळप कोरड्या वर्षात शिरला तर काय होईल, ते टोमालेसने दाखवलंय.

"चारा टाका" हा सल्ला प्रेमातून येतो, पण सगळ्यात घातक तोच. कोलोरॅडोत मोठ्या वन्यप्राण्यांना खायला घालणं बेकायदा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराला अचानक वेगळं खाणं दिलं की पोटातले जिवाणू ते पेलू शकत नाहीत. भरल्या पोटी हरीण मरतं. गावाकडे गाय धान्याच्या पोत्याला लागली की रात्रभर काय धावपळ होते, आठवा. आणि चाऱ्याच्या ढिगाभोवती गर्दी झाली की रोग पसरतो. इथे एक असाध्य रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. जनावर झिजत झिजत मरतं, रोगाचं मूळ लाळेतून, शेणामुतातून मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. तो पहिल्यांदा दिसला १९६७ साली, माझ्याच गावात, फोर्ट कॉलिन्सच्या एका बंदिस्त केंद्रातल्या हरणांत. वायोमिंगमध्ये जॅक्सनजवळ १९१२ पासून एल्कसाठी राखीव क्षेत्र आहे, तिथे हिवाळ्यात चारा टाकायची जुनी रीत आहे, आणि ती थांबवायची कशी हा आता तिथला डोकेदुखीचा प्रश्न आहे.

टँकरचं काय? ॲरिझोनात वन्यप्राण्यांसाठी सुमारे ३००० कृत्रिम पाणवठे आहेत आणि कोरड्या वर्षी त्यांत पाणी वाहून नेऊन ओततात, आपलं वनखातं उन्हाळ्यात करतं तसंच. शिकारीचे परवानेही तिथे चालूच असतात. दोन्ही एकत्र नांदतात.

राहिलं १९७२. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच वर्षी सप्टेंबरात झाला (शिकारीचे परवाने पूर्ण बंद झाले ते १९९१ च्या दुरुस्तीने), आणि तो हवाच होता. पण अमेरिकेनेही हेच केलं होतं, आपल्या कितीतरी आधी: एल्क संपत आले तेव्हा कोलोरॅडोने शिकार बंद केली, कळप उभे राहिल्यावर मोजून उघडली. आणि आपल्या कायद्यातही पिकांची नासधूस करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना परवानगीने मारायची तरतूद आहेच. ज्याच्या हरभऱ्यात रात्री कळप उतरतो त्याला हे माहीत असतं. इथेही दुष्काळात एल्क लसूणघासाच्या शेतात उतरतात, आणि राज्य शेतकऱ्याला भरपाई देतं. मादी एल्कला गोळी लागणं आणि आजोबांनी गाय दुसऱ्याच्या दावणीला देणं यांत फरक आहे, मामा. एकीकडे जीव जातो. मला तो फरक लहान वाटत नाही. पण जो जीव भुकेने दोन महिने लागून जातो, तोही मी मोजतो.

फोटोतल्या जागेचं पुढे काय झालं? आंदोलनं झाली, खटला झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने टोमालेस पॉइंटचं ते कुंपण काढायचा निर्णय जाहीर केला. एल्कना आता गवत शोधत दक्षिणेकडे जाता येईल.