कानाची वरची कड सुजली तर एकवीस दिवस वाट बघायची नसते

माझ्या भाचीनं कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी वहिनीनं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवला, ‘हे वाच, म्हणजे काळजी नको’. तोच मेसेज आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आहे, भिशीच्या ग्रुपवर आहे, आणि परवा एक गिऱ्हाईक तो मोबाइलवर दाखवून माझ्याकडं राख मागत होतं. माझं कोल्हापुरात औषधाचं दुकान आहे. त्यामुळं गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो की सोन्याच्या तारेनं टोचलं तर जंतू लागतच नाहीत. हळद आणि खोबरेल तेल दिवसातून तीनदा लावा. दागिना रोज गोल फिरवा, नाहीतर चिकटेल. पू आला तर दागिना काढून भोकात गोवरीची राख भरा. कान लाल होऊन सुजला तर ती अंगातली उष्णता बाहेर पडतेय, एकवीस दिवस काही करू नका, डॉक्टरच्या गोळ्यांनी ती आत दबते. आणि शेवटी, आपल्या आज्या बुगड्या घालायच्या, त्यांना कुठं काय झालं?

उष्णतेपासूनच सुरुवात करते, कारण या एका वाक्यापायी एखाद्या पोरीचा कान कायमचा बिघडू शकतो.

आपला कान चिमटीत धरून बघा. खालची पाळी मऊ लागते, तिच्यात रक्त भरपूर खेळतं, म्हणून ती सहा-आठ आठवड्यांत भरून येते. बोट वर न्या. कडक लागते ती कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून मिळेल त्या पोषणावर ती जगते. तिथं जंतू शिरले की पू त्या आवरणाच्या आणि कूर्चेच्या मधे साठतो, पोषण तुटतं आणि कूर्चा मरते. मेलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. कान चुरगळल्यासारखा होतो आणि तसाच राहतो. हे सगळं व्हायला एकवीस दिवस लागत नाहीत, त्याच्या कितीतरी आधी होतं.

हे मी मनानं सांगत नाही. 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात दागिन्यांच्या एका स्टॉलवर कान टोचून घेतलेल्यांमध्ये अशीच साथ झाली. तिचा अभ्यास 2004 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 7 जणांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूची लागण झाल्याचं पक्कं निदान झालं, आणखी 18 जण संशयित होते. ती सातही मुलं 10 ते 19 वयाची. चौघांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, काहींचे कान विद्रूप झाले. पाळीपेक्षा वरच्या कडेला टोचलेल्यांना धोका जास्त होता. आणि जंतू सापडला कुठं, तर तिथल्या सिंकमध्ये आणि जंतुनाशकाच्याच बाटलीत! म्हणजे टोचणाऱ्यानं ‘स्प्रे मारलाय की’ म्हटल्यानं भागत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्या काऊंटरशी थेट संबंधित आहे. त्यातल्या बहुतेकांना सुरुवातीला जी अँटिबायोटिक दिली गेली, ती या जंतूवर चालतच नव्हती. ‘ताई, अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या द्या, कान पिकलाय’ असं म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते ते म्हणूनच. अमॉक्सिसिलिन स्यूडोमोनासला लागू पडत नाही. चार दिवस फुकट जातात आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात.

मग घाबरायचं कधी? पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, ठणका, भोकातून पातळसर पिवळट पाणी येऊन त्याची खपली धरणं, हे चालतं. पण सूज उतरायच्या ऐवजी वाढायला लागली, कान गरम लागला, उशीला टेकवेना, ताप आला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचा डॉक्टर. एक खूण घरच्या घरी दिसते: वरचा कान लालभडक, सुजलेला आणि खालची पाळी मात्र जशीच्या तशी. पाळीत कूर्चाच नसते, म्हणून ती सुटते. असं दिसलं की संध्याकाळची वाट बघू नका.

हळदीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. हळदीतल्या कुरकुमिनचा जंतूंवर परिणाम होतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण स्वयंपाकघरातला डबा, मग हळद भले सांगलीची असो, निर्जंतुक नसतो. ओल्या हाताचा चमचा त्यातच जातो. तेलातला लेप भोकाच्या तोंडावर बसतो आणि आतलं पाणी आतच राहतं. शिवाय पिवळ्या थराखाली कान लाल झालाय का, हेच कळत नाही. कुणी सुश्रुताचं नाव पुढं करेल. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचायचा विधी आहे आणि त्यात तेलही आहे, खरं आहे. पण वाईट सुईनं किंवा चुकीच्या ठिकाणी टोचल्यावर सूज-वेदना आली तर लगेच उपचार करावेत, असंही तिथंच लिहिलंय. एकवीस दिवस बसून राहा असं सुश्रुतही म्हणत नाही.

लावायचंच असेल तर सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी. कुठल्याही मेडिकलमध्ये त्याची एनएस (नॉर्मल सलाइन) नावाची बाटली मिळते. नाहीतर कपभर पाणी उकळून त्यात पाव चमचा मीठ घालून गार करा. आधी साबणानं हात धुवा, मग दिवसातून दोनदा गॉजनं खपली भिजवून अलगद पुसा. कापूस नको, त्याचे धागे दागिन्यात अडकतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, नवी येणारी कातडीही त्यानं जळते. दागिना फिरवायचा तर अजिबात नाही, वाळलेली खपली जंतूंसकट आत ढकलली जाते. आणि गाडीवर स्टोल बांधताना जपा, तो कानातल्याला अडकून जखम पुन्हा उघडते. रंकाळा, विहीर, स्विमिंग टँक, सगळं भरून येईपर्यंत बंद. वरच्या कडेला त्यासाठी काही महिने लागतात.

राखेबद्दल एकच: गोवरीच्या राखेत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. उघड्या जखमेत ती भरायला सांगणं हा गुन्हाच आहे. पू आल्यावर दागिना आपल्या मनानं काढूही नका. भोक बाहेरून मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा ते डॉक्टर ठरवतील.

चांगल्या सोन्याला खाज-पुरळ कमी येते, निकेलच्या स्वस्त दागिन्यांना जास्त येते, इतपत बरोबर. पण जंतू हातावरून येतात, आधीच्या माणसाला टोचलेल्या सुईवरून येतात. कावीळ ब तशीच पसरते. ज्योतीवर तार तापवली म्हणजे झालं असं नाही, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, 121 अंशांवर दाबाखाली किमान पंधरा मिनिटं लागतात, आणि कान टोचायची प्लॅस्टिकची गन त्यात घालताच येत नाही. गुजरीत, सराफाकडं बाळाची पाळी टोचायला माझी ना नाही. फक्त सुई नवी आहे का, पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, हात धुतले का, एवढं विचारा. विचारायला लाजू नका.

आणि आज्यांचं म्हणाल तर माझ्या आजीच्या थोरल्या जावेचा डावा कान वरून मुडपलेला होता. बुगडीसाठी टोचल्यावर पिकला होता, असं आजीच सांगायची.

दवाखान्याचा खर्च नको म्हणून कुणी थांबत असेल तर सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या, आणि पू येत असेल तर तो तपासणीला पाठवायचा का, हे स्वतःहून विचारा.