स्टेटस कोणी कोणी पाहिलं?

स्टेटस टाकून दहा मिनिटं होत नाहीत तोच कोणी कोणी पाहिलं त्याची यादी उघडून वर-खाली करणारी माणसं मला हास्यास्पद वाटत नाहीत. पन्नास जणांनी पाहिलंय याचं त्यांना सोयरसुतक नसतं. ती एकच नाव शोधत असतात. ते सापडलं नाही की पन्नासची किंमत शून्य.

म्हणूनच 'हल्ली लोक लाइकला हपापलेत' असं नाक मुरडणाऱ्यांशी (जे हेही पोस्ट टाकूनच सांगतात!) माझं जमत नाही. आपली दखल घेतली जावी ही गरज लाइकच्या बटणाआधीचीच. फेसबुकवर ते बटण आलं २००९ मध्ये. त्याआधी माणसं काय निरिच्छ होती?

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग आहे. कॉम्प्युटरवर तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा, इतका साधा खेळ. सुरुवातीला तुमच्याकडे एक-दोनदा चेंडू येतो, मग बाकीचे दोघं आपसातच खेळत बसतात. काही मिनिटांचा मामला, समोरचे अनोळखी, जिंकणं-हरणं काही नाही. तरी माणसं खट्टू होतात, आपल्या असण्यालाच अर्थ नाही असं त्यांना वाटायला लागतं. २००४ च्या एका अभ्यासात तर 'समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच खेळतोय' हे आधी सांगूनही लोकांना लागलंच. आता मेसेजखालच्या दोन निळ्या खुणा आणि पुढे शांतता का सलते, ते वेगळं सांगायला नको.

बदललंय ते एवढंच, की पूर्वी आपल्याला कोण किती विचारतं याचा अंदाज असायचा, आता आकडा असतो. तोही चारचौघांत. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये लाइकचा आकडा लपवायची सोय दिली, पण आकडा लपवला तरी आपण वाट बघायचं थोडंच थांबवतो?

माझा राग आहे तो लाइक देणाऱ्यांवर. म्हणजे आपल्या सगळ्यांवरच. कोणी वडील गेल्याचं लिहितं, आपण हात जोडलेला इमोजी टाकतो आणि अंगठा पुढे सरकतो. मोजणी होते, विचारपूस राहून जाते. ज्याच्या नावाची वाट बघितली जातेय तो आपणच असू, हे आपल्या गावीही नसतं.

तेव्हा या पोस्टला लाइक नाही दिलंत तरी चालेल. पटलं नसेल तर दोन ओळी भांडा.