कबरीपुढचा ताटवा कोणाच्या सोयीचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅनडाच्या मूळनिवासी सैनिकांच्या परदेशातील कबरी आणि त्यांच्यासाठी फुलवली जाणारी स्मृतिउद्याने यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, ज्या सरकारने या लोकांच्या जमिनी घेतल्या, त्यांची मुले घरापासून तोडून सरकारी निवासी शाळांत डांबली आणि लढून परतलेल्यांचे हक्क बुडवले, त्याच सरकारने आज फुलांचे ताटवे लावणे म्हणजे जुने पाप झाकणे होय. शिवाय फूलबाग ही युरोपची रीत असून या जमातींच्या मृत्युसंस्कारांशी तिचा संबंध नाही. आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आपल्या मराठा शिपायांना विसरून मराठी लेखकाने कॅनडाचे गोडवे गाण्याचे कारण काय, असाही आपला प्रश्न आहे.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना आपण ती सौम्यपणे मांडली आहे. पहिल्या महायुद्धात फर्स्ट नेशन्सचे, म्हणजे कॅनडातील मूळनिवासी जमातींचे, सुमारे 4,000 पुरुष सैन्यात गेले आणि त्यांतील सुमारे 300 मारले गेले. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना शेतजमीन देण्याची योजना निघाली, तेव्हा तिच्यासाठी जी जमीन संपादन करण्यात आली तिच्यात याच लोकांच्या राखीव क्षेत्रांतील (त्यांच्या वस्तीसाठी राखून ठेवलेल्या भूभागांतील) हजारो एकर जमीन होती, आणि ती बहुतांशी गोऱ्या सैनिकांच्या पदरात पडली. दुसऱ्या महायुद्धानंतरही सामान्य सैनिकाला कर्ज आणि अनुदान मिळून 6,000 डॉलरपर्यंतचे साहाय्य होते, तर राखीव क्षेत्रात राहणाऱ्या मूळनिवासी सैनिकाची बोळवण 2,320 डॉलरांवर होत असे, आणि त्याचा अर्जही राखीव क्षेत्राच्या सरकारी अधिकाऱ्याच्या हातून जात असे. आपला मूळनिवासी दर्जा न सोडता राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क या समाजाला मिळाला तो 1960 साली. 2002 मध्ये सरकारने फर्स्ट नेशन्सच्या माजी सैनिकांना प्रत्येकी 20,000 डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली, परंतु तोपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेक जण हयात नव्हते.

हे सर्व खरे असूनही, त्यावरून फुले क्षुल्लक ठरतात हा आपला निष्कर्ष मला पटत नाही, आणि त्याचे कारण याच इतिहासात आहे. ओटावाच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर दरवर्षी 11 नोव्हेंबरला पुष्पचक्रे वाहिली जातात. या समारंभात आपल्या मृत सोबत्यांसाठी आपल्या समाजाच्या वतीने पुष्पचक्र वाहण्याची मुभा मूळनिवासी माजी सैनिकांना 1995 पर्यंत नव्हती. ज्या सरकारने जमीन नाकारली आणि मत नाकारले, त्याच्या व्यवस्थेत एक साधे पुष्पचक्रही नाकारले गेले. फुलांना काही किंमत नसती, तर ती इतकी वर्षे अडवून धरली गेली नसती. हे म्हातारे सैनिक त्या हक्कासाठी झगडले ते थकीत रकमेचा विसर पडला म्हणून नव्हे. दोन्ही मागण्या एकाच वेळी चालू होत्या. विनिपेगमध्ये 1994 पासून 8 नोव्हेंबर हा मूळनिवासी सैनिकांचा स्वतंत्र दिवस पाळला जाऊ लागला, तोही याच काळात. बागेमुळे भरपाईची मागणी बोथट होते, हे आपले गृहीतक निदान या उदाहरणाला लागू पडत नाही.

दुसऱ्या आक्षेपाकडे वळताना अलेक्स डिकोटो यांची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण मूळ लेखात त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. सस्कॅचेवानमधील रेड फेझंट राखीव क्षेत्रात 1887 साली जन्मलेले हे क्री जमातीचे गृहस्थ बॅटलफर्डच्या औद्योगिक शाळेत शिकले, म्हणजे आपण ज्या शाळांबद्दल लिहिले आहे त्याच व्यवस्थेतून गेले. पुढे ते एडमंटनच्या पोलीस दलात भरती झाले, आणि कॅनडातील पहिले मूळनिवासी पोलीस म्हणून त्यांची नोंद आहे. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी 5,000 मीटरची अंतिम शर्यत धावली. 30 ऑक्टोबर 1917 रोजी बेल्जियममधील पाशेंडेलच्या चिखलात शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने ते पडले. पाशेंडेल न्यू ब्रिटिश सेमेटरी या दफनभूमीत त्यांची कबर आहे. तेथील दोन हजारांहून अधिक कबरींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कबरींवर नाव नाही, हे ध्यानात घेतले तर नावाची कबर मिळणे हेही त्या रणभूमीवर नशीबच म्हणायचे.

मृतदेह मायदेशी न नेण्याचे धोरण ब्रिटिश साम्राज्याने ठरवले होते आणि ते लॉर्डाच्या मुलालाही लागू होते, कारण परवानगी दिली असती तर पैसेवाल्यांनी आपली माणसे नेली असती आणि गरिबांची तेथेच राहिली असती. धोरणामागचा विचार समतेचा होता, हे मी नाकारत नाही. परंतु योग्य संस्कार झाल्यावाचून मृताचा आत्मा भटकत राहतो अशी ज्या समाजाची श्रद्धा आहे, त्याला या समतेची झळ अधिक बसली. म्हणून 1985 साली डिकोटो यांचे नातेवाईक, सैन्य आणि पोलीस यांचे प्रतिनिधी एडमंटनमध्ये एकत्र आले आणि देहाविनाच क्री पद्धतीने अंत्यसंस्कार करून त्यांनी त्यांचा आत्मा घरी आणला. 2005 साली तर माजी सैनिक, धर्मविधी जाणणारे वडीलधारे आणि तरुण यांचा एक गट फ्रान्स आणि बेल्जियमला गेला आणि तेथे पुरलेल्या सर्वांच्याच आत्म्यांना घरी बोलावण्याचा विधी त्यांनी केला.

आता आपण म्हणाल की मग बाग कशाला? देह अजून तेथेच आहे, म्हणून. विधी झाला तरी माती आणि दगड बेल्जियममध्येच राहतात, आणि त्यांची निगा कोणी तरी राखावीच लागते. युद्धातील दफनभूमींत फूलबाग करण्याची ही कल्पना युरोपीय आहे हे आपले म्हणणे बरोबर आहे. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे आर्थर हिल आणि उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांच्या सल्ल्याने तिची घडण झाली. मात्र त्या बागेचे काम कसे चालते तेही पाहावे. सुमारे 81 सेंटीमीटर उंचीच्या प्रत्येक दगडाच्या पायथ्याशी मातीचा एक अरुंद पट्टा असतो आणि त्यात गुलाब व ठेंगणी फुलझाडे लावलेली असतात. उंच झाडे लावत नाहीत, कारण नाव झाकले जाते; मोकळी माती ठेवत नाहीत, कारण बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताच्या पावसात चिखलाचे शिंतोडे उडून अक्षरे भरून जातात. म्हणजे ती रोपे शोभेची आहेतच, पण नाव वाचता यावे याची राखणही तीच करतात. कॅनडाहून मेपलचे बी मागवून त्या देशाच्या मृतांजवळ रुजवण्याचा प्रयत्नही हिल यांनी युद्ध चालू असतानाच सुरू केला होता. (मेपल हे साऱ्या कॅनडाचे चिन्ह, क्री किंवा ओजिब्वे माणसाचे म्हणून त्यात वेगळे काही नाही, हा आक्षेप आपण घेतला असता तर मला गप्प बसावे लागले असते.)

दगड एकदा रोवला की समारंभ संपतो, पण ताटव्याला दर आठवड्याला माणूस लागतो. म्हणून स्मारकासाठी किती निधी जाहीर झाला यापेक्षा देखभालीचा माळी कोण आणि त्याचा पगार कोठून, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सरकारी कार्यालयासमोर उद्घाटनापुरत्या लावलेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळलेल्या वाफ्यांविषयी आपण जे तिरकस लिहिले आहे, त्याला माझी संपूर्ण संमती आहे. याउलट कॅनडात या समाजांच्या सल्ल्याने आखलेल्या बागांत तंबाखू, सेज, सिडार आणि स्वीटग्रास नावाचे सुवासिक गवत या चार पवित्र वनस्पती लावल्या जातात, आणि विधीसाठी त्या खुडल्याही जातात. तिथे रोपांची निवड आणि त्यांचा वापर दोन्ही त्यांच्या हाती असतात. अशा बागेला युरोपची उसनवारी म्हणणे अन्यायाचे होईल.

मराठा पलटणींबद्दलच्या आपल्या प्रश्नात मात्र तथ्य आहे. मेसोपोटेमियातील कुत गावी तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकलेली फौज ही सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या आली. 2021 साली युद्धकबर आयोगाच्याच (ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धमृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या) समितीने कबूल केले की, आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील किमान 1,16,000 मृतांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत आणि खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो. अशा ठिकाणी ताटव्याची भाषा करणे मलाही घाईचे वाटते. आधी नाव हवे. इटलीत 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि मोंतोने गावात 2023 साली त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळही उभे राहिले, परंतु ते व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी होते. आपल्या घरातील शिपायाला असे पदक मिळालेले नव्हते.

आपल्या पणजोबांचे थोरले बंधू मेसोपोटेमियातून परतले नाहीत असे आपण लिहिले आहे. युद्धकबर आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत हिंदी शिपायांच्या नावापुढे पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. आडनाव बहुधा नसते, म्हणून पलटणीचा क्रमांक घेऊन शोध सुरू करावा, आणि गावाचे नाव इंग्रजीत दोन-तीन निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहावे, कारण त्या काळच्या कारकुनांनी ते जसे ऐकले तसे लिहिले आहे. पलटण 110 असल्याची घरात खात्री असेल, तर मला कळवावे. त्या नोंदी चाळण्यास मी मदत करीन.

आपला,
लेखक